शेपटीवाल्या बाहुल्या

बाहुलीला शेपूट लावायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला कारखान्यात सगळे सल्लागारसाहेब म्हणत. थोरली त्याला मनातल्या मनात जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्थात सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडणंही बरोबर नव्हतं, कारण मूळ दुखणं दूरचं होतं. समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशात एक मोठे साहेब निवडून आले होते. आल्या आल्या त्यांना साक्षात्कार झाला, की आपल्या पोरीबाळी परदेशी बाहुल्यांशी खेळतात म्हणूनच देश रसातळाला चालला आहे. मग बाहेरून येणाऱ्या बाहुल्यांवर त्यांनी असा कर बसवला की बाहुली परवडली पण कर नको. त्या देशात बाहुल्या करणारा एकच कारखाना उरला होता आणि त्याचा मालक मोठ्या साहेबांच्या जेवणाच्या टेबलावरचा दोस्त होता. हा निव्वळ योगायोग आहे असं तिकडचे लोक म्हणत, आणि म्हणताना हसतही नसत.

इकडे, बस डेपोच्या मागच्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराच्या या कारखान्यात मात्र सगळे धास्तावले. इथली प्रत्येक बाहुली त्याच देशात जायची. मालक दोन दिवस केबिनमधून बाहेर आले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी आले ते सल्लागारसाहेबांना घेऊनच.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घरातली नावं कारखान्यातही चिकटली होती, हजेरी घेणारासुद्धा तशीच हाक मारायचा. दोघी रंगखोलीत बसत. रंगखोली म्हणजे माडीवरची लांबट खोली, दिवसभर सारखा उजेड देणारी मोठी खिडकी, एक लांब टेबल आणि सहा बायका. साच्यातून आलेली कोरी डोकी खालून टोपलीने वर यायची. ओठ, भुवया, पापण्या, बुबुळं असं करत करत चेहरा तयार व्हायचा, आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक बुबुळावर पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका. तो ठिपका ठेवला की डोळा जागा व्हायचा. तोवर ते नुसतं रंगवलेलं प्लास्टिक असायचं. ठिपका ठेवताना म्हणायचं, "बघ बाई." ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या दोन शब्दांशिवाय सहापैकी एकीचाही ब्रश उचलला जात नसे. दिवसभर खोलीत एवढंच पुटपुटणं चालायचं.

ठिपक्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोरलीनं तिला शिकवलं होतं, तरी थोरलीसुद्धा हे मान्य करायची, फक्त तोंडावर नाही. धाकटी आधी खाली सोल्युशनच्या शेडमध्ये होती, जिथे बाहुल्यांचे केस आणि बूट चिकटवतात. त्या शेडला खिडकी नव्हती. सोल्युशनच्या वासाने डोकं गरगरायचं, घसा जळायचा, आणि वर्षभरात धाकटीला असा खोकला लागला की घरात तिच्या खोकल्यावरून ती कुठल्या खोलीत आहे ते कळायचं. थोरलीनं मुकादमाशी भांडून, मालकांच्या दारात बसून तिला वर आणलं. खोकला हळूहळू निवला. तेव्हा थोरली म्हणाली होती, "आता त्या शेडचं तोंड तुला परत बघायला लागणार नाही. माझा शब्द आहे." थोरली उगाच शब्द देणाऱ्यांतली नव्हती.

सल्लागारसाहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवलं आणि अकलेचे तारे तोडले. त्यांचं म्हणणं असं, की तिकडचा कर मनुष्याकृती खेळण्यांवर आहे. प्राण्यांवर नाही. अस्वल, ससा, माकड फुकट आत जातात. मग आपण बाहुली पाठवायचीच कशाला? आपण प्राणी पाठवायचा. बाहुलीला शेपूट लावली की ती बाहुली राहत नाही.

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. सल्लागारसाहेबांना तो कौतुकाचा भाग वाटला.

थोरलीचा नवरा साच्यावर काम करायचा. स्वभावाने गरीब, आणि वरून जे येईल ते देवाघरून आलं असं मानणारा. त्या संध्याकाळी तो घरी म्हणाला, की मालकांनी काहीतरी विचार केलाच असेल. थोरलीनं विचारलं, की अहो, उद्या यांनी तुम्हालाही शेपूट लावा म्हटलं तर लावून घ्याल ना? त्याने खरंच क्षणभर विचार केला, आणि धाकटीला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

तर शेपट्या आल्या. झगे शिवणाऱ्यांनी झग्यांना मागून भोकं पाडली. खोक्यावरचं 'गोड बाहुली' खोडून 'जंगलची राणी' छापलं. नमुन्याची एक पेटी तिकडे रवाना झाली, आणि ठरल्या वेळेआधीच उत्तर आलं. तिकडच्या कस्टमच्या एका अधिकाऱ्याने बाहुली टेबलावर ठेवून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं असावं. त्याने लिहिलं होतं, की शेपूट ही केवळ सजावट आहे. चेहरा मनुष्याचा आहे, विशेषतः डोळे, कारण ते बघणाऱ्याकडे बघतात. सबब पूर्ण कर लागू.

हे ऐकून थोरलीला सगळ्यांसारखं वाईट वाटायला हवं होतं. पण आधी वाटला तो अभिमान. इतकी वर्षं त्या देशात डोळे पाठवले, आणि ते बघतात हे तिथल्या एका माणसाला पहिल्यांदाच कळलं होतं, तेही कर बसवण्यासाठी.

सल्लागारसाहेबांकडे दुसरा तारा तयार होता. डोळे रंगवायचेच नाहीत. काळी बटणं आणायची आणि खाली शेडमध्ये सोल्युशनने चिकटवायची. रंगखोलीची मग गरज नाही. सहाही जणी शेडमध्ये जातील, कुणाची रोजी बुडणार नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा उपकार केल्यासारखा झाला होता.

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटीचा हात गळ्याशी गेला होता. त्या हालचालीनं थोरलीच्या तोंडातून शब्द निघून गेले. ती मालकांना म्हणाली, "मला थोडी सवड द्या. माणसाचे वाटणार नाहीत असे डोळे मी काढून देते. बटणं नकोत."

मालकांना बटणांचाही खर्च होताच. ते हो म्हणाले.

बोलायला काय जातं. आयुष्यभर प्लास्टिकमध्ये जीव ओतायला शिकलेल्या हाताला आता तो काढून घ्यायचा होता, आणि हात काही ऐकेना. आधी तिने नुसता ठिपका गाळला. डोळे पेंगुळलेले दिसले, झोपेतून उठवलेल्या पोरीसारखे, पण पोरीचेच. मग तिने जनावरं बघायला सुरुवात केली. कॅन्टीनमागच्या मांजरीचे डोळे काढले, तर बाहुली एकदम लबाड दिसायला लागली. डेपोजवळ बांधलेल्या शेळीचे काढले. धाकटीनं ते डोकं हातात घेतलं आणि म्हणाली, "जाऊबाई, ही तर आपल्या आत्याबाईंसारखी बघतेय. आता विचारेल, घर झाडलंत का." सगळी खोली हसली, पण थोरलीचा जीव टांगणीला लागला होता. जनावरात माणूस नसतो असं ज्याला वाटतं, त्याने जनावराकडे कधी नीट बघितलेलं नसतं, एवढंच तिला त्या दिवसांत कळलं. त्याचा उपयोग काही नव्हता.

एका संध्याकाळी घरी जेवताना टीव्ही चालू होता. बातम्यांत मोठे साहेब आले. मोठं टेबल, मागे सुटाबुटातल्या माणसांची रांग, हातात जाडजूड पेन. नव्या करांची घोषणा करताना ते एकेका देशाचं नाव वाचत होते. इकडच्या देशाचं नाव त्यांनी चुकीचं उच्चारलं, कर मात्र बरोबर वाचला. थोरलीचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, म्हणाला, की एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडी आपलं नाव आलं हेच खूप.

थोरलीचा घास हातातच राहिला होता. ती साहेबांचे डोळे बघत होती. साहेब सरळ कॅमेऱ्यात बघत होते, म्हणजे सगळ्या जगाकडे, म्हणजे या खोलीकडेसुद्धा. आणि ते डोळे कुणाकडेच बघत नव्हते. निळे होते, स्वच्छ होते, उघडझाप करत होते, पण शेळीच्या डोळ्यात जेवढं होतं तेवढंसुद्धा त्यांत काही नव्हतं. ज्या लोकांची नावं वाचतोय ती माणसं आहेत, जेवतायत, खोकतायत, असं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी बहुतेक पुढचं नाव वाचलं असतं.

"अहो, आवाज बंद करा आणि चित्र तसंच राहू द्या," थोरली नवऱ्याला म्हणाली, आणि ताटावरून न उठता बघत बसली.

सकाळी रंगखोलीत तिने ते डोळे काढले. एकदाच काढले, आणि बरोबर आले. डोकं स्टँडवर ठेवून ती बाजूला झाली. बाकीच्या पाचजणी जमल्या. या वेळी कुणी हसलं नाही. धाकटीनं डोकं हळूच फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, की जाऊबाई, हे कोण आहे? थोरली म्हणाली, की कुणी नाही, हेच तर हवं होतं.

नमुना गेला. उत्तर आलं. मानवी भाव आढळला नाही, सबब प्राणी. करमाफ.

कारखान्यात आनंदीआनंद झाला. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला, सल्लागारसाहेबांनी भाषण केलं आणि त्यात 'मी' हा शब्द इतक्या वेळा आला की चहा निवला. थोरलीला कुणी विचारलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. खिडकी राहिली होती. धाकटी खिडकीशी बसली होती. बास.

मग सुरू झाला रतीब. सहा बायका दिवसभर त्या एका माणसाचे डोळे काढायच्या. ठिपका नाही, त्यामुळे 'बघ बाई' पण नाही. खोलीत नुसता ब्रशांचा आवाज. तिकडच्या लाखभर पोरी आता आपल्याच मोठ्या साहेबांचे डोळे उशाशी घेऊन झोपणार, या विचाराने थोरलीला आधी हसू यायचं, नंतर शिसारी यायला लागली. पण ती हातावर लक्ष ठेवून होती. दुसऱ्यांच्या हातांवर तर जास्तच. कुणाचा ब्रश पांढऱ्या रंगाकडे गेला की ती खेकसायची. धाकटीचा तर रोज जायचा. थोरलीनं शेवटी पांढऱ्या रंगाची वाटी सगळ्यांपुढून उचलली आणि स्वतःजवळ ठेवली.

तिथेच माशी शिंकली. कंटेनर तिकडच्या बंदरात पोहोचला, अधिकाऱ्याने मधलीच एक पेटी फोडली, आणि आतून एक जंगलची राणी त्याच्याकडे बघत होती.

सल्लागारसाहेबांनी मोबाइलवर आलेला फोटो रंगखोलीत आणून सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. मोठ्या साहेबांचेच डोळे, पण दोन्ही बुबुळांवर पांढरा ठिपका. पेटीत एक मनुष्याकृती आढळल्याने सर्व माल मनुष्याकृती समजण्यात येत आहे, असा निकाल होता. कर भरा नाहीतर माल बंदरात सडू द्या. कुणाचं काम आहे हे, त्यांनी विचारलं.

विचारायची गरज नव्हती. खोलीतल्या प्रत्येकीला प्रत्येकीचा ठिपका ओळखू यायचा. हा थोडा वर बसलेला होता, कारण थोरली डोकं स्टँडवर न ठेवता मांडीत घेऊन रंगवायची. वाटी तिच्याचपाशी होती. कधीतरी कामाच्या ओघात हातानं आपलं काम केलं होतं आणि तोंडानं म्हटलंही असेल, 'बघ बाई', आणि तिला पत्ताच नव्हता. धाकटी काहीतरी बोलायला पुढे झाली, तिला थोरलीनं नजरेनंच गप्प बसवलं.

"माझा आहे," ती म्हणाली. "एका बाहुलीनं एका माणसाकडे बघितलं. एवढं घाबरायला काय झालं त्यांना?"

सल्लागारसाहेबांनी मालकांकडे बघितलं, आणि मालकांकडे बटणं होती. रंगखोलीला कुलूप लागलं. सहाही जणी खाली गेल्या.

शेडमध्ये थोरलीला काही झालं नाही. तिची छाती दणकट होती, याचाच तिला राग यायचा. धाकटीचा खोकला पहिल्याच आठवड्यात परत आला, आणि या वेळी तो छातीत बसला तो बसलाच. घरी बसण्यासारखी परिस्थिती नव्हती, दिराच्या कामाचा काही भरवसा नव्हता. धाकटी तोंडाला ओढणी बांधून बटणं चिकटवायची आणि थोरलीकडे बघून डोळ्यांनी हसायची, जसं काही थोरलीलाच धीर द्यायला हवा होता. थोरलीला त्या हसण्याची लाज वाटायची. शब्द दिला होता आणि तो आपल्याच हातानं मोडला होता. रात्री भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा आणि ती उशी कानावर घ्यायची.

आणि मग मोठे साहेब एका सकाळी उठले आणि त्यांनी कर बदलला.

झालं होतं असं, की त्यांच्या दोस्ताला बाहुल्यांत राम वाटेना. त्याने कारखान्यात अस्वलं करायला घेतली. त्याबरोबर साहेबांना दुसरा साक्षात्कार झाला, की देशाला खरा धोका परदेशी प्राण्यांपासून आहे. प्राण्यांवर दणदणीत कर आणि बाहुल्या माफ. जगभरच्या कारखान्यांनी ज्या ज्या बाहुल्यांना शेपट्या, कान, मिशा लावल्या होत्या, त्या सगळ्या बंदराबंदरांत अडकल्या. एकच कंटेनर होता ज्यातला सगळा माल खुद्द तिकडच्या कस्टमने शिक्का मारून माणूस ठरवला होता. तो त्याच दिवशी सुटला, एक पैसा कर न भरता. सणासुदीच्या खरेदीत तिकडच्या दुकानांत दुसऱ्या बाहुल्याच नव्हत्या. हातोहात संपल्या.

मालक नाचायचेच बाकी होते. सल्लागारसाहेबांनी अंगणात पुन्हा भाषण केलं. आपण दूरदृष्टीनं एका बाहुलीत ठिपका ठेवला होता, असं ते म्हणाले, आणि थोरली समोर उभी असताना म्हणाले. या धड्यावरून त्यांनी नवं धोरणही आखलं होतं. यापुढे अर्धा माल ठिपक्याचा, अर्धा बिनठिपक्याचा. अर्ध्यांना शेपूट, अर्ध्यांना नाही. मोठे साहेब कुठल्याही कुशीवर उठोत, आपला निम्मा माल सुटलाच म्हणून समजा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीच्या नवऱ्यानंसुद्धा वाजवल्या, मग तिच्याकडे बघून हात खिशात घातले.

रंगखोलीचं कुलूप निघालं. थोरलीनं आधी खिडकी उघडली, धाकटीची खुर्ची पुसली, तिला दंडाला धरून बसवलं. तिच्यापुढे नवं कोरं डोकं ठेवलं, पांढऱ्या रंगाची वाटी सरकवली. आपला शब्द उशिरा का होईना पाळला गेला, असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे खूप आनंद झाला होता तिला.

धाकटीनं बुबुळं रंगवली. मग बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला, ओठांवर 'बघ' आलं, आणि छातीतून खोकला उसळला. ठिपका बाहुलीच्या गालावर पडला. तिने तो पुसला. पाणी प्यायली. पुन्हा श्वास रोखला. पुन्हा तेच. श्वास रोखल्याशिवाय ठिपका बसत नाही, आणि तिला आता श्वास रोखता येत नव्हता. बाकीच्या चौघी मान खाली घालून आपापल्या कामात गढल्याचं दाखवत होत्या. थोरली म्हणाली, की आज दमलीस, उद्या जमेल.

उद्याही जमलं नाही, परवाही नाही.

चौथ्या दिवशी धाकटीनं स्वतःच हात लांब करून थोरलीपुढची दुसरी टोपली, बिनठिपक्यांची, आपल्याकडे ओढली. "ही मला द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "यांना श्वास रोखावा लागत नाही. खोकत खोकत पण होतात."

थोरलीचा हात टोपलीच्या काठावर होता. टोपली धरून ठेवावी असं वाटलं, पण तिने हात काढून घेतला.

तेव्हापासून रंगखोलीत सगळ्यात सफाईचा हात असलेली बाई मोठ्या साहेबांचे डोळे काढते. खिडकीशी बसते, खोकते, एक डोकं पुरं करते आणि पुढचं घेते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चौघी पुटपुटत असतात. थोरली मात्र आता ठिपका ठेवताना काही म्हणत नाही. धाकटीपुढे ओळीनं मांडलेली ती निळ्या, स्वच्छ डोळ्यांची डोकी दिवसभर वाळत असतात, आणि त्यातलं एकही तिच्याकडे बघत नाही.